अर्थिंगमास्तर

मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीतलं सॉकेट बघत. त्यांच्या खिशात दोन वायरी जोडलेला एक लहानसा बल्ब कायम असे. त्याची एक वायर विजेच्या भोकात आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घालायची, बल्ब लख्ख पेटला तर "ठीक आहे" म्हणायचं आणि मगच खुर्चीत टेकायचं. बल्ब मिणमिणला तर मात्र यजमानांची खैर नसे. भाचीच्या लग्नात घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली, तेव्हा "नवरीचे मामा कुठायत?" म्हणून हाकाटी झाली. मामा सापडले स्टेजच्या खाली, माइकवाल्याच्या वायरींचा गुंता सोडवत बसलेले, नवा शर्ट कोळिष्टकांनी माखलेला. तेव्हापासून त्यांना अर्थिंगमास्तर हे नाव पडलं, आणि पुढे लोक नुसतं मास्तर म्हणू लागले. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेंटेनन्स विभागात ते इलेक्ट्रिशियन होते, तिथेच त्यांची तीस वर्षं गेली.

या अर्थिंगच्या वेडापायी लोक त्यांना हसत. मास्तरही हसत. का, ते मात्र कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं दुसरं वेड सगळ्यांना माहीत होतं. घराच्या मागच्या खोलीत नऊ गिटारी आणि सात अँप्लिफायर होते. "आमच्याकडे माणसं दोन, अँप सात, आणि माणसांपेक्षा अँपच जास्त बोलतात," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. रविवारी सकाळी त्या खोलीत चार-सहा जण जमत. एक दातांचे डॉक्टर, एक बस चालवणारे गृहस्थ, आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन पन्नाशीत गिटार शिकायला लागलेल्या एक बाई. कुणाची तार खरखरते, कुणाचा पिकअप मुका झालाय, कुणाला नुसतं ऐकायचंय. मास्तर दुरुस्ती करता करता मतं देत, आणि मतं त्यांच्याकडे अँपपेक्षाही जास्त होती.

"गिटार हे अर्धंच वाद्य," ते म्हणत. "उरलेलं अर्धं अँपमध्ये असतं. लोक गिटारीला पॉलिश करतात, आणि अँप कोपऱ्यात पाय ठेवायला वापरतात."

लाकडावर बोलणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. डॉक्टरांनी एकदा नवी गिटार आणली आणि तिचं लाकूड कुठल्या जंगलातलं, किती वर्षं वाळवलेलं, ते सांगायला सुरुवात केली. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातून एक बेढब गिटार काढली आणि वाजवायला दिली. डॉक्टर हरखले. "हे कुठलं लाकूड?" "आमच्या जुन्या मोरीच्या दाराचं," मास्तर म्हणाले. "तार हलते, खाली पिकअपमध्ये लोहचुंबक आहे, त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे आहेत. त्यांना जंगल कुठलं ते कळत नाही हो."

ट्रान्झिस्टरवाले अँप त्यांना नावडते होते असं नाही, पण त्यांच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज ऑफिसात बोलल्यासारखा व्हायचा. "कामाला चोख. पण मर्यादा ओलांडली की फाडकन दार लावून घेतात. व्हॉल्व्हचा अँप तसा नाही. तुम्ही तारेवर जोर टाकला की तो आधी जरा दबतो, मग सावरतो, आणि सावरताना जो आवाज काढतो ना, तो कुठल्याही बटणात नाही." कॉम्प्युटरवर जुन्या अँपची हुबेहूब नक्कल करता येते, असं बँकेतल्या बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं सोल्डर खाली ठेवलं. "असेल हुबेहूब," ते म्हणाले. "पण गरम होतो का?"

व्हॉल्व्हच्या अँपची एक खोड आहे. स्विच दाबल्याबरोबर तो बोलत नाही. काचेच्या नळ्या तापायला अर्धं मिनिट लागतं. आधी नळीच्या आत नारिंगी उजेड दिसतो, मग स्पीकरमधून अगदी हलकी घूं येते, आणि ती हळूहळू वाढत ठरावीक जागी स्थिरावते. शौकीन माणसाला हे अर्धं मिनिट फार आवडतं. मास्तर मात्र स्विच दाबत आणि खोलीबाहेर निघून जात. गॅलरीत नळाशी उभे राहत, हात धूत, आणि मग परत येत. मंडळींना वाटे, ही त्यांची काहीतरी श्रद्धा असेल.

खरं कारण असं, की ती घूं वाढत असताना तिच्यात मास्तरांना एक श्वास ऐकू यायचा. नाकातून घेतलेला, शेवटी बारीक शीळ वाजणारा. गाणं सुरू करण्याआधी लांब्या घ्यायचा तसा.

लांब्या म्हणजे त्यांचा मित्र. इतका उंच की दारातून येताना सवयीनं मान वाकवायचा, दार नसलं तरी. दोघं शेजारी-शेजारी वाढले. मास्तरांची बोटं तेव्हाही ताठ, त्यांना धड चार सूर सलग वाजवता यायचे नाहीत. पण लांब्याच्या हातात उपजतच काहीतरी होतं. गिटार विकत घेणं दोघांच्याही घरी शक्य नव्हतं, म्हणून मोरीचं दार बदललं तेव्हा मास्तरांनी जुनी फळी मागून घेतली आणि करवतीनं कापून तिची गिटार केली. मोडक्या मोटारीतली तांब्याची तार उलगडून पिकअपला गुंडाळली, सलग अकरा दिवस, वेढे मोजत. मोजताना कुणी हाक मारली की आकडा चुकायचा, म्हणून आईनं त्या दिवसांत त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं.

अँपही त्यांनीच बनवला. एका जुन्या बंद पडलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, त्याच रेडिओतले व्हॉल्व्ह, पत्र्याची पेटी. पहिल्यांदा त्यातून आवाज निघाला तेव्हा लांब्यानं एकच तार छेडली आणि ती विरेपर्यंत दोघंही हलले नाहीत. मग लांब्या म्हणाला, "हे तू केलंस?" मास्तर आयुष्यात पुढे बऱ्याच गोष्टींत यशस्वी झाले, पण त्या प्रश्नाइतकं कौतुक त्यांना कधी मिळालं नाही.

बाविसाव्या वर्षी त्यांना पहिला मोठा कार्यक्रम मिळाला. गावातल्या सार्वजनिक हॉलमध्ये एका कारखान्याच्या कामगारांचं स्नेहसंमेलन होतं, दुपारी चारला. मास्तर दहा वाजताच सामान घेऊन पोचले. हॉलचा वायरमन भला माणूस होता, पस्तिशीतला, कानावर पेन्सिल अडकवलेला. त्यानं सॉकेट दाखवली, माइकची यंत्रणा सुरू करून दिली आणि मीटरपाशी आपल्या जागी जाऊन बसला.

अँप लावला आणि हॉलभर घूं भरली. घूं कसली, मधमाश्यांचं पोळंच. माइकची यंत्रणा एका सॉकेटवर, अँप दुसऱ्या, आणि दोन्ही एकमेकांना वायरीनं जोडलेले. अशा वेळी दोघांच्या अर्थिंगच्या तारांचं मिळून एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून हा आवाज घुसतो. मास्तरांनी जागा बदलून पाहिली, वायरी बदलून पाहिल्या. साडेतीन वाजले, लोक यायला लागले, पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "मिक्सर चालू राहिलाय का रे?" आणि हशा पिकला.

तेव्हा मास्तरांनी अँपचा प्लग उघडला आणि त्यातली हिरवी तार सोडवली.

ही हिरवी तार म्हणजे अर्थिंग. यंत्रात काही बिघडून वीज त्याच्या पत्र्यावर उतरली, तर ही तार तिला जमिनीत नेते, माणसाच्या अंगातून जाऊ देत नाही. मास्तरांना हे पक्कं माहीत होतं. घूं थांबवायला पुष्कळजण असं करतात, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी तार काढली आणि घूं चाकूनं कापल्यासारखी थांबली. लांब्यानं लांबूनच अंगठा वर केला.

दोन गाणी छान झाली. तिसऱ्याच्या आधी मास्तरांना वास आला, वार्निश करपल्यासारखा. जुना ट्रान्सफॉर्मर तापत होता. 'एवढं एक होऊ दे, मग बघू,' असं त्यांनी मनाशी म्हटलं. ट्रान्सफॉर्मरच्या आतला कागद तेवढ्यात जळाला आणि वीज अँपच्या पत्र्यावर आली, पत्र्यावरून गिटारीच्या तारांवर. लांब्याचा डावा हात त्या तारांवर होता. त्यानं नाकातून श्वास घेतला, पुढे वाकला, आणि त्याचे ओठ माइकला लागले.

सूर निघालाच नाही. लांब्या उंच होता तेवढा ताठ झाला आणि तसाच मागे पडला. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचा भाग आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी झेप घेऊन प्लग उपसला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लांब्याला गाडीत घालून नेलं. गाडीत जागा नव्हती, मास्तर मागे राहिले. हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर ते बसले, आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी प्लग उघडला. हिरवी तार जागेवर लावली, स्क्रू घट्ट पिळला, झाकण बसवलं. हे त्यांनी विचार करून केलं की हात आपोआप चालले, हे त्यांना कधीच सांगता आलं नाही. पण हात थरथरत नव्हते, एवढं मात्र त्यांना स्वच्छ आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी वीज निरीक्षक आला. त्यानं अँप तपासला. ट्रान्सफॉर्मर जळालेला, पण प्लग व्यवस्थित. मग त्यानं हॉलचं अर्थिंग तपासलं. अर्थिंगची तार मागच्या आवारात एका खड्ड्यात पुरलेली असते आणि त्या खड्ड्यात वरचेवर पाणी घालावं लागतं, नाहीतर वीज जमिनीत मुरत नाही. खड्डा कोरडा ठणठणीत होता. ठपका वायरमनवर आला. हॉलच्या कमिटीनं त्याला काढलं, आणि महिन्याभरात तो बायको-मुलीला घेऊन गाव सोडून गेला.

मास्तरांच्या वाट्याला आलं ते उलटंच. "यानं जिवाची पर्वा न करता प्लग ओढला," असं जो तो म्हणू लागला. लांब्याच्या आईनं तर त्यांना दुसरा मुलगाच मानलं. मास्तर दर महिन्याला तिच्याकडे जात, पंख्याला तेल घालत, औषधं आणून देत. "तू होतास रे त्याच्याजवळ," ती म्हणे आणि त्यांच्या मनगटावरून हात फिरवी, प्लग ओढला त्या हाताच्या. पंचवीस वर्षं मास्तर तो हात फिरवून घेत राहिले. दर वेळी निघताना ठरवत, पुढच्या खेपेला सांगायचं. मग एका सकाळी ती झोपेतच गेली, आणि सांगायला कुणी उरलं नाही.

त्या सुमाराला अर्ध्या मिनिटातला तो श्वास वाढला. आधी फक्त व्हॉल्व्हच्या अँपमध्ये ऐकू यायचा, आता फ्रिज सुरू होताना, हॉस्पिटलातला मोठा जनरेटर वेग धरताना, कुठेही. मास्तरांनी कान तपासून घेतले. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानानं तुमचे कान उत्तम आहेत. मास्तर उत्तम कान घेऊन घरी आले.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना फिजिओथेरपी विभागातून मेंटेनन्सला फोन आला. एक आजोबा कंबरदुखीसाठी आलेत, पण शेक द्यायचं मशीन अंगाला लावून घेत नाहीत. कुणी जाणकारानं समोर तपासून दाखवल्याशिवाय नाही म्हणतात. मास्तर आपला बल्ब आणि मीटर घेऊन गेले.

आजोबा पलंगाच्या कडेला बसले होते, पाय जमिनीवर, उठून पळायच्या तयारीत. शेजारी त्यांची मुलगी कानकोंडी होऊन उभी होती. "सॉरी हं," ती मास्तरांना म्हणाली, "बाबांचं विजेचं जरा असंच आहे. घरी साधा स्विचसुद्धा लाकडी पट्टीनं दाबतात. आणि गंमत म्हणजे तरुणपणी ते स्वतः वायरमन होते."

मास्तरांनी वर पाहिलं. केस गेले होते, गाल बसले होते, पण कान तेच होते, बाहेर आलेले, पेन्सिल अडकवायला केल्यासारखे.

आजोबांनी त्यांना ओळखलं नाही. त्यांचं सगळं लक्ष मशीनकडे होतं. मास्तरांनी प्लग उघडून दाखवला, एकेक तार बोटानं दाखवली. "ही हिरवी नीट आहे ना?" आजोबांनी विचारलं.

"नीट आहे."

"ओढून बघा."

मास्तरांनी ओढून दाखवली. आजोबा मग पडले, डोळे मिटले आणि पुटपुटले, "माझ्या हातून एकदा एक पोरगा गेलाय. दोष माझ्या हातात आहे. म्हणून विचारलं, राग मानू नका."

मास्तरांनी उरलेली पाळी कशी भरली, त्यांनाच माहीत नाही. घरी आले ते बुटांसकट स्वयंपाकघरात जाऊन बसले. बायको भाजी चिरत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिची सुरी केव्हाच थांबली होती.

"लांब्याच्या आईकडे मीही यायचे तुमच्याबरोबर," ती शेवटी म्हणाली. "त्या मला म्हणायच्या, देवमाणूस मिळालाय तुला. मी हो म्हणायचे."

मास्तर बूट काढायला वाकले.

"त्या आजोबांचा पत्ता आहे?"

"हॉस्पिटलच्या कागदांत असेल."

"मग इथे काय बसलात?" ती म्हणाली आणि पाठ करून पुन्हा भाजी चिरायला लागली. त्यानंतर आठवडाभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

मास्तर दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मुलीचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दारातल्या बेलच्या खाली खिळ्याला एक लाकडी फूटपट्टी टांगलेली होती. आजोबांना वाटलं, हॉस्पिटलातून मशीनबद्दल काही सांगायला आलेत. मुलगी चहा ठेवायला आत गेली. मास्तर उभ्यानंच म्हणाले, "तुमच्या हातात दोष नव्हता. त्या अँपच्या प्लगमधली तार काढलेली होती."

आजोबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ओळखलं.

"कुठली तार?"

"हिरवी."

"काढली कुणी?"

"मी."

"निरीक्षकानं उघडला तेव्हा तर जागेवर होती."

"त्याला गाडीतून नेल्यावर परत लावली. मागच्या पायऱ्यांवर बसून."

"स्क्रू पिळला होतास?"

"हो."

"तरीच," आजोबा म्हणाले. "निरीक्षक मला म्हणाला होता, प्लग किती मन लावून बसवलाय बघ, त्या पोरांकडून शिक काहीतरी."

मग ते उठले, समोरचं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलनं दोन चौकोन काढले. "खड्डा कोरडा होता," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात दोन आठवडे पाणी घातलं नव्हतं मी. बायको आजारी होती. पण खड्डा एकच होता ना? माइकलाही तोच, तुझ्या पेटीलाही तोच."

"हो."

त्यांनी दोन चौकोनांच्या खालून एक रेघ ओढून ते जोडले. "म्हणजे दोन टाक्या, खालून एकाच नळानं जोडलेल्या. पाणी चढलं तरी दोन्हीत सारखंच चढणार. खड्डा कोरडा असला तरी. तुझी तार जागेवर असती तर पेटी आणि माइक एकाच पातळीवर राहिले असते. मधल्या पोराला काही झालं नसतं."

"नसतं झालं."

"तुला हे कळलं कधी?"

"त्याच दिवशी."

आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. आवाज न चढवता त्यांनी आत हाक मारली, "बाहेर ये ग जरा." मुलगी हात पुसत आली. "हा काय सांगतोय ते ऐक. हं, सांग रे. परत सांग. पहिल्यापासून."

मास्तरांनी परत सांगितलं. पहिल्यांदा सांगताना शब्द सुचत नव्हते, दुसऱ्यांदा ते आपोआप आले, आणि ते त्यांना जास्त भयंकर वाटलं. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. "आई जाईपर्यंत म्हणत होती," ती म्हणाली, "यांना रात्रंदिवस एकच ध्यास, आपण काय चुकलो. मी सहा वर्षांची होते. मला बाबांनी त्यानंतर कधी कडेवर घेतलं नाही, माझ्या हाताला दोष आहे म्हणायचे." तिनं दाराकडे पाहिलं. "चहा ठेवला होता मी तुमच्यासाठी. आता नका थांबू."

"लिहून दे," आजोबा मागून म्हणाले. "जायच्या आधी कागदावर लिहून दे."

मास्तरांनी लिहिलं आणि खाली पत्ता घालून सही केली. त्याची एक प्रत घेऊन ते पोलिस ठाण्यातही गेले. तिथे दोन तास बाकावर बसवून एका अधिकाऱ्यानं त्यांचं ऐकून घेतलं. त्या काळातली कागदपत्रं केव्हाच निकालात निघाली होती, हॉलही पाडला होता. "घरी जा काका," तो समजुतीनं म्हणाला. मास्तरांना वाटलं होतं, कुणीतरी निदान ओरडेल.

मनावरचं ओझं उतरतं वगैरे लोक म्हणतात. मास्तरांचं तसं काही झालं नाही. श्वास यायचा तो येतच राहिला. रविवारची बैठक त्यांनी बंद केली. दातांचे डॉक्टर दोनदा दारातून परत गेले. मास्तर एकटेच खोलीत बसून अँपवरची धूळ पुसत, पण सुरू एकही करत नसत.

अडीच महिन्यांनी एका रविवारी सकाळी बायकोनं दार उघडलं तर बाहेर आजोबा, एकटे, रिक्षातून उतरून जिना चढल्यामुळे धापा टाकत. तिनं त्यांना थेट मागच्या खोलीत नेलं. मास्तर धडपडून उठले. आजोबा बसा म्हणायची वाट न बघता बसले आणि सगळीकडे नजर फिरवली.

"मी काही माफ करायला आलेलो नाही," ते म्हणाले.

"नाही," मास्तर म्हणाले.

"एक विचारायचं होतं. त्या दिवशी मी मागे मीटरपाशी होतो. गाणं मला नीट ऐकूही आलं नाही. आरडाओरडा झाला तेव्हा पुढे धावलो, तर नुसते पाय दिसले. एका बुटाची नाडी सुटली होती. पस्तीस वर्षं मला तेवढंच दिसतं. कोण होता तो?"

मास्तरांना कळेना, कुठून सुरुवात करावी. "उंच होता," ते म्हणाले.

"वय?"

"बावीस."

"बावीस?" आजोबा थबकले. "मी त्याला अठराचा धरून चाललो होतो." हिशेब बदलावा तसं त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पुढे?"

मास्तर सांगत गेले. त्याला दूध आवडायचं नाही. भांडण झालं की तो आधी हसायचा आणि मग चिडायचा. बसमध्ये बायकांना जागा द्यायला उठला की डोकं दांडीला आपटायचं, दर वेळी. गणितात दोनदा नापास. एका मुलीला त्यानं सात पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही, ती मास्तरांनीच त्याच्या आईच्या हाती लागायच्या आत जाळली. गाताना त्याचा आवाज वरच्या पट्टीत किंचित फाटायचा आणि त्याला त्याची लाज वाटायची, पण लोकांना नेमकं तेच आवडायचं. लांब्याबद्दल इतकं सलग मास्तर कुणाशी कधी बोललेच नव्हते. त्याच्या आईशीसुद्धा नाही, तिच्यासमोर जीभच उचलत नसे.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. केव्हातरी ती आत येऊन स्टुलावर बसली.

आजोबा मध्येच एखादा प्रश्न विचारत. भाऊ होता का? पोहता यायचं का? तासाभरानं ते उठले. मास्तरांनी जिन्यात हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही, कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "त्या पत्रांतल्या मुलीचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"शोधून ठेव," आजोबा म्हणाले, आणि रिक्षावाल्याला पुढे चल म्हणून खूण केली.